गवती चहाची सोन्याशी भानगड

ऐकलंत का? गवती चहाचं नाव सोन्याशी जोडलं गेलंय! तसं प्रकरण जुनं आहे, २००४ सालचं. पण इतकी वर्षं उलटूनही आपल्याकडे त्याची म्हणावी तशी वाच्यता झाली नाही, हे मराठी माणसाच्या चौकसपणाला शोभत नाही. समोरच्या बिऱ्हाडी पाहुणे कोण आले, किती दिवस राहिले आणि जाताना पिशवीत काय घेऊन गेले याची खडान्‌खडा माहिती आपल्याला असते, आणि स्वतःच्या परसातला गवती चहा काय करतोय याचा पत्ता नसावा?

तर झालं असं. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी, पावसाळ्यात आल्याच्या तुकड्याबरोबर पातेल्यात पडणारी ही गरीब पात पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पोचली. पुणेकर जिला नुसतं 'एनसीएल' म्हणतात तीच ती. तिथे डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा काढा केला. इथवर ठीक होतं, कोणाला पडसं झालं असेल म्हणून आपण सोडून दिलं असतं. पण त्या काढ्यात त्यांनी साखर घातली नाही, दूध घातलं नाही, सोन्याचा क्षार सोडला. आणि पाहतात तो काढ्यात सोन्याचे त्रिकोण! चांगले चपटे, तीन कोपऱ्यांचे, आणि इतके लहान की माणसाच्या केसाच्या जाडीत ओळीने शंभरावर बसावेत. बातमी 'नेचर मटेरियल्स' या जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापून आली. गवती चहाची एवढी जाहीर बदनामी त्याआधी कधी झाली नव्हती.

बरं, तो एकटाच बिघडला असता तर संगत वाईट म्हणून गप्प बसलो असतो. पण खोदून पाहिलं तर सगळी बागच सामील निघाली. त्याच प्रयोगशाळेत २००१ मध्ये एका बुरशीने सोन्याचे कण करून ठेवले होते. तिकडे टेक्ससमध्ये २००२ साली लसूणघास पकडली गेली. हो, आपण म्हशींपुढे टाकतो तीच. सोन्याचा क्षार घातलेल्या माध्यमात तिला वाढवलं, तर बाईसाहेबांनी ते मुळांवाटे ओढून अंगात बारीक कणांच्या रूपाने साठवलं. पुण्यातली पुढची यादी ऐका: २००३ मध्ये जिरॅनियम, २००४ मध्ये कडुनिंब, २००५ मध्ये आवळा आणि चिंचेची पानं, २००६ मध्ये कोरफड. कडुनिंब! गुढीला बांधतो हो आपण तो. कडू तर कडू पण सरळ, अशी त्याची ख्याती. त्याने सोन्याचे कण केले, चांदीचे केले आणि दोन्ही धातू एकाच कणात घालूनही दाखवले. आता कोणाचा भरवसा धरायचा?

मग जी लाट आली तिला लाट म्हणणंसुद्धा सौम्य झालं. तुळस, जास्वंद, मेंदी, कोथिंबीर, कोणाकोणाचं नाव घेऊ? पुणे विद्यापीठातल्या मंडळींनी २०१० मध्ये केळीची साल घेऊन चांदीचे कण केले. केळं कोणी खाल्लं ते शोधनिबंधात लिहिलेलं नाही. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्रसुद्धा, ज्या विभागात जावं तिथे कोणी तरी पाला उकळतंय. एके काळी महाविद्यालयाच्या आवारातल्या झाडांना फक्त शेळ्यांची आणि प्रेमिकांची भीती असे. आता पीएच.डी.चे विद्यार्थी दिसले की झाडं अंग चोरून उभी राहतात म्हणे.

कृती सोपी आहे, तिथेच तर सगळा घोटाळा आहे. पानं स्वच्छ धुवायची, बारीक चिरायची, पाण्यात उकळायची, गाळायची. दुसरीकडे सिल्व्हर नायट्रेटचं १ मिलिमोलरचं पाण्यासारखं नितळ द्रावण करायचं. दोन्ही एकत्र करून ठेवून द्यायचं. पानांतली पॉलिफिनॉल, साखरा, टर्पिनॉइड असली रसायनं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, आयनांचे अणू होतात, अणूंचे घोळके होतात, आणि पानांतलीच काही द्रव्यं त्या घोळक्यांना वेढा घालून आणखी वाढू देत नाहीत. बाहेरून दिसतं एवढंच की नितळ पाणी आधी पिवळसर आणि मग चहासारखं तपकिरी होतं. लगेच हाका सुरू:

"मॅडम, रंग आला!"

"आला? हात लावू नकोस. आधी फोटो काढ."

तो फोटो तुम्ही कुठल्याही विभागाच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये पाहिला असेल. डावीकडे फिकट फ्लास्क, उजवीकडे तपकिरी फ्लास्क, मागे निळी ग्लेझ्ड टाइल. मग नमुना वर्णपटमापकात जातो, पडद्यावर ४२० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास एक टेकाड उमटतं, आणि मॅडमच्या चेहऱ्यावर साखरपुडा ठरल्याचं समाधान दिसतं. नंतर तेच पाणी जंतूंच्या बशीत टाकायचं, जंतू मरून गोल मोकळी जागा पडली की ती पट्टीने मोजायची, आणि निबंध तयार. झाडाचं लॅटिन नाव बदललं की निबंध नवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी एक तरी निबंध छापून आलेला हवा अशी अट घातली होती. ती २०२२ मध्ये काढली. मधल्या काळात किती पाला उकळला गेला असेल याचा अंदाज तुमचा तुम्ही करा. मी कोणाच्या संसारात विष कालवणारी बाई नव्हे.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. सगळे पाल्याच्या मागे लागलेत आणि खरा बभ्रा व्हायला हवा अशी गोष्ट फ्लास्कमध्ये उघड्यावर बसलीय, तिच्याकडे कोणी बघत नाही. अहो, चांदी पिवळी झालीच कशी? आणि सोन्याचा क्षार घालून हेच केलं की पाणी लाल होतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, कधी जांभळं. सोनं, आणि लाल? ज्याच्या पिवळेपणावर सराफकट्टा उभा आहे, बावनकशी म्हणून ज्याची शपथ घेतात, त्याने एकांतात जाऊन रंग बदलावा?

आधी जरा सोन्याच्या घराण्याचं पाहू, कारण तेही म्हणावं तितकं सरळ नाही. बहुतेक धातू पांढरेशुभ्र चमकणारे, चांदी घ्या, पोलाद घ्या, ॲल्युमिनियम घ्या. सोनं मात्र पिवळं, कारण त्याच्या जड अणुकेंद्रकाभोवती आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की तिथे आइनस्टाइनचा सापेक्षतावाद लागू पडतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्यांमधलं अंतर बदलतं आणि सोनं निळा प्रकाश गिळून टाकतं. उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. तुमच्या मंगळसूत्राच्या वाट्या पिवळ्या आहेत त्या सापेक्षतावादाच्या कृपेने, हे सराफाला सांगून मजुरीत काही सूट मिळते का पाहा.

आता या सोन्याचा २० नॅनोमीटर व्यासाचा एक गोळा घ्या. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या गोळ्यात सुमारे अडीच लाख अणू असतात, आणि प्रत्येक अणूने आपला एकेक इलेक्ट्रॉन सार्वजनिक कामाला दिलेला असतो. हे इलेक्ट्रॉन कोणा एका घरचे नाहीत, सगळ्या कणात मोकळे हिंडतात. प्रकाश म्हणजे पुढेमागे हेलकावणारं विद्युतक्षेत्र. दागिन्यावर प्रकाश पडतो तेव्हा वरच्या थरातले इलेक्ट्रॉन त्याला आत घेत नाहीत, परत फेकतात, आणि आपण म्हणतो काय चकाकी आहे. पण कण जेव्हा प्रकाशाच्या एका लाटेच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा असतो, तेव्हा लाटेचा झोत सगळ्या कणावर एकाच वेळी एकाच दिशेने पडतो. मग अडीच लाख इलेक्ट्रॉनांचं लेझीम पथक एकदम डावीकडे झुकतं. मागे उघडे पडलेले धनभारित अणू त्यांना ओढून आणतात, तर ते उजवीकडे झुकतात. पथकाची एक स्वतःची लय असते. हलगी तिच्याहून संथ वाजली किंवा घाईने वाजली तर पोरं कशीबशी हात हलवतात. हलगीची लय जुळली की मात्र पथक असं रंगात येतं की मग हलगीवाला थांबवू म्हणेल तर थांबत नाही. पाण्यातल्या सोन्याच्या कणांची ही लय हिरव्या प्रकाशाशी जुळते, तरंगलांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास. सेकंदाला ५७७ लाख कोटी हेलकावे! त्या लयीचा प्रकाश कण अधाशासारखा खेचून घेतात. पांढऱ्या उजेडातून हिरवा गेला, उरला तो लालसर. चांदीचं पथक अधिक चपळ, त्याची लय ४०० नॅनोमीटरच्या पुढे लगेच, जांभळ्या-निळ्या प्रकाशाशी जुळते. तो गेला की मागे पिवळा राहतो. या झुकण्याला शास्त्रज्ञ 'सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स' असं भारदस्त नाव देतात. वर्णपटमापकातलं ते टेकाड म्हणजे हेच.

खेचून घेतलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं विचाराल, तर बहुतेक उष्णता. कण तापतो. ट्यूमरमध्ये सोन्याचे कण पोचवायचे, बाहेरून अवरक्त लेझर मारायचा आणि आतल्या आत गाठ शेकून काढायची, या कल्पनेवर अमेरिकेत राइस विद्यापीठाच्या नाओमी हालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं काम केलं आहे. त्यांचे कण वाळूच्या जातकुळीतल्या सिलिकाच्या गोळ्यावर सोन्याचं पातळ कवच चढवलेले असतात, आणि कवचाची जाडी कमीजास्त करून लय हवी तिथे सरकवता येते.

लय सरकते, हीच तर खरी खमंग गोष्ट. कण मोठा झाला की रंग बदलतो. लांबट झाला की त्याच्या दोन लयी होतात, आडवी चपळ आणि उभी संथ, म्हणजे एकाच कणाचे दोन संसार. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २००१ मध्ये चांदीच्या गोल कणांना साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवून दिलं, तर ते आपोआप त्रिकोणी झाले आणि पिवळं पाणी निळं झालं. ट्यूबलाइटच्या उजेडात! आणि आपण म्हणतो अंधारात पोरं बिघडतात. आपल्या गवती चहाच्या त्रिकोणांची लय तर दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्तात, म्हणजे उन्हाच्या झळीत जाते. म्हणून २००५ मध्ये याच पुणेरी मंडळींनी सुचवलं की या त्रिकोणांचा थर खिडकीच्या काचेवर दिला तर उजेड आत येईल आणि झळ अडेल. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडच्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. तुमच्या पत्र्याखाली मे महिन्यात जे होतं त्यावर गवती चहा आणि सोन्याचा उतारा निघाला होता. कूलर अजून तसाच घरघरतोय तो भाग वेगळा.

आणि दोन कण जवळ आले की? अगदी एकमेकांना खेटले की? रंग पार बदलतो. लाल पाणी जांभळं, मग निळसर. दोघांची लय एकमेकींत गुंतते आणि संथ होते. सायट्रेट वापरून केलेल्या सोन्याच्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका, डोळ्यांदेखत निळं पडेल. कणांवर सारखाच ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात. मिठाचे आयन मध्ये येऊन तो भार झाकतात, आणि मग जवळीक आवरत नाही. याच चहाडखोर स्वभावाचा उपयोग चॅड मिरकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात करून घेतला: कणांना डीएनएचे धागे बांधले, आणि जुळणारा धागा सापडला की कण एकत्र येऊन रंग बदलून चुगली करू लागले.

हे सगळं आजकालच्या पिढीचं खूळ, असं म्हणून नाक मुरडणार असाल तर थांबा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे, लायकर्गसचा पेला. बाहेरून उजेड पडला तर हिरवा, आत दिवा ठेवला तर लालभडक. त्यावरची कथाही तशीच: दारूच्या देवाच्या वाटेला गेलेल्या राजाला वेली आवळून धरतायत. काचेत सोन्याचे आणि चांदीचे नॅनोकण आहेत, ५० ते १०० नॅनोमीटरच्या घरातले. सोन्याचं प्रमाण विचाराल तर दहा लाख भागांत जेमतेम ४०. हिरवा भाग ते परत उधळतात, लाल आरपार सोडतात. रोमन कारागिरांना इलेक्ट्रॉन ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि एवढंसं सोनं भट्टीत मुद्दाम पडलं की चुकून, यावर जाणकार आजही भांडतात. युरोपातल्या देवळांच्या खिडक्यांवरचा पिवळा रंग चांदीच्या कणांचा. सतराव्या शतकात सोनं आणि कथिल मिळून केलेला 'कॅशियसचा जांभळा' चिनी मातीच्या भांड्यांवर गुलाबी फुलं काढायला वापरला गेला. सासरहून आलेल्या जुन्या बश्या नीट बघा, त्यातल्या गुलाबी रंगाचा वंश कुठे पोचेल सांगता येत नाही.

या सगळ्याचा पहिला रीतसर पंचनामा मायकेल फॅरडेने केला. वीज आणि चुंबकवाला फॅरडे, हो तोच. १८५७ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे सोनं आणि प्रकाश यांच्या संबंधावर व्याख्यान दिलं. संबंध हा शब्द त्याने स्वतः शीर्षकात घातला होता, माझ्याकडे डोळे वटारू नका. सोन्याचा वर्ख त्याने उजेडासमोर धरला तर वर्खातून आलेला प्रकाश हिरवा. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया केली तर माणकासारखं लाल पाणी. त्या पाण्यात सोनंच आहे, फक्त फार बारीक वाटलेलं, हे त्याने ओळखलं, आणि पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट दिसते हेही पाहिलं. सूक्ष्मदर्शकाला कण दिसत नव्हते, तरी. त्याच्या त्या लाल बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

हिशोब मात्र मांडायचा राहिला होता. तो १९०८ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या गुस्टाव्ह मी (Mie) याने पूर्ण केला. मॅक्सवेलची समीकरणं धातूच्या गोळ्यासाठी सोडवून त्याने दाखवलं की अमुक मापाच्या सोन्याच्या कणाने अमुक रंगच दाखवायला हवा. एका कणाचं गणित हाताने करायचं म्हणजे जन्माची अद्दल, त्यामुळे संगणक येईपर्यंत त्याच्या निबंधाला फारशी गर्दी नव्हती. आज विचारू नका. आणि १९५१ मध्ये टर्केविचने सायट्रेट घालून उकळायची सोपी रीत दिली, जी अजून प्रत्येक प्रयोगशाळेत चालते. म्हणजे सोन्याचे लाल कण करायला पाला लागतोच असं नाही, हे पाला उकळणाऱ्यांना सगळ्यांना माहीत असतं. बोलत नाहीत.

घरोघरच्या भानगडीबद्दल मात्र मला उघडच बोलायचंय. गरोदरपणाची चाचणी करायची ती पट्टी आठवते? आणि कोरोनाच्या काळात नाकात काडी घालून केलेली? त्यावर उमटणारी ती गुलाबी रेघ, जी बघून कोणी पेढे आणले आणि कोणी चौदा दिवस खोलीत कोंडून घेतलं, ती अनेक पट्ट्यांमध्ये सोन्याच्या नॅनोकणांची असते. कणांवर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. हवं ते प्रथिन सापडलं की कण रेघेवर अडकतात आणि रंग दिसतो. काही कंपन्या रंगीत प्लास्टिकचे कण वापरतात, पण सोन्याचा पर्याय जुना आणि भरवशाचा. घरात एवढं सोनं आलं, निकाल देऊन कचऱ्याच्या डब्यात गेलं, आणि सराफाला कळलंसुद्धा नाही. एका रेघेतलं सोनं त्याच्या काट्यावर हलणारही नाही, हे खरं.

चंद्रशेखर रामन यांचंही नाव यात गुंतलंय, तेही त्यांच्या पश्चात. १९२८ मध्ये त्यांनी जो परिणाम शोधला, ज्याच्यासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करतो, तो फारच क्षीण असतो. १९७४ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये खडबडीत केलेल्या चांदीवर एक रसायन बसवलं आणि रामन संकेत अनपेक्षित जोरात आले. लेझीम पथक रंगात आलं की त्याच्या अंगाला लागून प्रकाशाचं क्षेत्र कैक पटींनी वाढतं, तिथे सापडलेला रेणू ओरडून आपलं नाव सांगतो. भेसळीचा, विषाचा अंश हुडकायला ही युक्ती आज वापरतात.

आता पार्लरमधल्या सोन्याकडे वळते, कारण तिथे मला खरोखर राग येतो. '२४ कॅरट नॅनो गोल्ड' म्हणून चेहऱ्याला जे लावतात ते बरणीत सोनेरी चमकत असतं. मैत्रिणींनो, आता तुम्हीच सांगा. सोन्याचे बारीक, सुटे नॅनोकण असते तर ते मलम वाइनसारखं लाल किंवा जांभळट दिसलं नसतं का? सोनेरी चकाकतंय याचा अर्थ एक तर ते वर्खाचे मोठे तुकडे आहेत, नाही तर बहुधा अभ्रकाची पूड. नॅनो असेल तर सोनेरी नसेल, आणि सोनेरी असेल तर नॅनो नसेल. एवढं विचारून बघा पार्लरवालीला. पुढच्या वेळी अपॉइंटमेंट मिळेल याची हमी माझ्याकडे नाही.

त्याहून वाईट चांदीवाले. कोलॉइडल चांदीचं पाणी पिऊन सगळे रोग पळवणारे महाभाग जगभर आहेत, आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर त्यांचा वावर आहे. वर्षानुवर्षं चांदी पोटात गेली की ती कातडीत साचते, उजेडाने काळवंडते, आणि माणूस निळसर-करडा दिसू लागतो. त्याला अर्जिरिया म्हणतात, आणि रंग परत येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच सांगितलं की दुकानातून थेट विकली जाणारी असली चांदीची औषधं सुरक्षितही नाहीत आणि गुणकारीही नाहीत. चांदी पाण्याच्या गाळणीत जंतू मारायला बसवली तर गोष्ट निराळी. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छमध्ये तांदळाच्या तुसाची राख आणि नॅनो चांदी होती, आणि यंत्र हजार रुपयांच्या आत विजेशिवाय चालत होतं. चांदी गाळणीत राहिली पाहिजे, तुमच्यात नाही.

तर पुन्हा पाल्याकडे. गवती चहावर माझा राग नाही. पुण्यातल्या त्या पहिल्या मंडळींनी पाला उकळला तेव्हा त्यांना काही तरी वेगळं दिसलं होतं: गोल कण सोडून त्रिकोण का झाले, कोणत्या द्रव्यामुळे झाले, त्यांची लय कुठे गेली. ते त्यांनी शोधलं. मागून आलेल्यांपैकी अनेकांनी फक्त पाला बदलला. काढ्यात कोणती शंभर रसायनं आहेत ते माहीत नाही, पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या पानांत फरक पडतो तो मोजलेला नाही. टेकाड ४२० ला आलं पण पसरट आलं, म्हणजे लहानमोठ्या कणांची खिचडी झाली, तिकडे दुर्लक्ष. आणि ते जंतू मारणं तर कमालच. अहो, कण न करता नुसतं सिल्व्हर नायट्रेट टाकलं तरी जंतू मरतात! ती बशी शेजारी ठेवलेली नसेल तर कणांनी मारले की उरलेल्या आयनांनी, हे कोण सांगणार? 'हरित' म्हणायचं तर त्यातही गंमत आहे. पाला हिरवा असतो, सिल्व्हर नायट्रेट नसतं, आणि उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर ते नाल्यातल्या उपयोगी जंतूंनाही मारतं.

तेव्हा पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना, आणि ज्यांची मुलं-मुली सध्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत काही तरी उकळतायत त्या आईबापांना, हात जोडून विनंती आहे. पुढचा तपकिरी फ्लास्क तुमच्यापुढे आला की झाडाचं नाव विचारू नका. कण केवढे, आकार कोणता, महिनाभराने रंग तोच राहतो का आणि नुसत्या सिल्व्हर नायट्रेटची बशी कुठे आहे, तेवढं विचारा. उत्तरं आली तर पेढे वाटा, मीही येईन. नाही आली तर त्या झाडाला सोडून द्या बिचाऱ्याला.